स्क्रॅबलमध्ये नवीन आहात? दोन-तीन अक्षरी इंग्रजी शब्द गटागटाने, अर्थासकट असे शिका

मराठी माध्यमातून शिकलेला माणूस पहिल्यांदा स्क्रॅबलच्या बोर्डासमोर बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात एकच भीती असते, की समोरचा कॉन्व्हेंटवाला आहे, तो लांबलचक शब्द लावणार आणि आपलं इंग्रजी कमी पडणार. ही भीती आधी काढून टाका. स्क्रॅबल म्हणजे हातातल्या अक्षरांच्या टाइल्स बोर्डावर जुळवून शब्द लावायचे आणि पॉइंट मिळवायचे, ती इंग्रजीची परीक्षा नाहीच. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं, मग २०२४ मध्ये स्पॅनिशची जिंकली, तीही स्पॅनिश येत नसताना. त्याच २०१५ साली इंग्रजीची जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियात पर्थला झाली, ती नायजेरियाच्या वेलिंग्टन जिगेरेने जिंकली, आणि नायजेरियाचे खेळाडू ओळखले जातात ते मुद्दाम छोटे शब्द खेळण्यासाठी. हातात मोठा शब्द असला तरी पाच अक्षरी लावायचा, चांगली अक्षरं राखून ठेवायची आणि समोरच्याला जागा मिळू द्यायची नाही, अशी त्यांची पद्धत.

म्हणजे सुरुवात छोट्या शब्दांपासून करायची. पण इंटरनेटवर जी यादी मिळते ती ए पासून झेडपर्यंत सरळ लिहिलेली असते आणि ती तशी पाठ होत नाही, चार दिवसात सगळं एकमेकात मिसळतं. मला जे उपयोगी पडलं ते म्हणजे एकच अक्षर असलेले शब्द एका गटात घ्यायचे, प्रत्येकाचा अर्थ मराठीत लावायचा आणि मग पुढच्या गटाकडे जायचं. नायजेल रिचर्ड्ससारख्याला अर्थाची गरज नसेल, आपल्याला आहे, कारण अर्थ कळला की शब्द डोक्यात टिकतो. आणि यातले बरेच शब्द आपल्या कानावरून आधीच गेलेले आहेत, हे तुम्हाला क्यूच्या गटात दिसेलच.

वाचताना एक लक्षात ठेवा, मी शब्द अक्षरांच्या नावाने लिहिलेत. क्यू-आय असं लिहिलं असेल तर त्या दोन टाइल्स त्याच क्रमाने ठेवायच्या.

काय काय लागेल

- स्क्रॅबलचा सेट. १५ बाय १५ चा बोर्ड आणि १०० टाइल्स, त्यातल्या दोन कोऱ्या म्हणजे ब्लँक, त्या कुठलंही अक्षर म्हणून चालतात. जुना सेट असेल तर खेळायच्या आधी टाइल्स मोजा, एखादी हमखास हरवलेली असते.
- एक वही. मोबाईलवर नोट्स नको, हाताने लिहिलेलं जास्त टिकतं असं माझं स्पष्ट मत आहे.
- शब्दांची चालू यादी. आपल्याकडे आणि उत्तर अमेरिका सोडून बहुतेक जगात स्पर्धांना कॉलिन्स या डिक्शनरीवाल्यांची यादी चालते.
- सरावासाठी वूगल्स ही फुकट साइट, तिथे नवशिक्यासाठी सोपा बॉटही आहे, म्हणजे समोर कॉम्प्युटर खेळतो. शब्द पाठ करायला झिझिवा नावाचं ॲप आहे. सुरुवातीला एवढं पुरे.

१. आधी यादी ठरवा, मगच पाठांतर

हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात मोठा सापळा आहे. अमेरिका-कॅनडात एक यादी चालते आणि बाकी जगात कॉलिन्स, आणि दोन्हीत फरक आहे. कॉलिन्समध्ये दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत, अमेरिकन यादीत शंभराहून थोडेच जास्त. म्हणजे जे-ए, झेड-ओ, सी-एच, ई-ई हे कॉलिन्सवाल्यांना चालतात आणि अमेरिकन यादीवर खेळणाऱ्या ॲपमध्ये तुम्ही लावलेत की लाल फुली. बऱ्याच जणांना वाटतं आपण चुकीचं पाठ केलं आणि ते नाद सोडतात. शब्द बरोबरच असतो, यादी वेगळी असते.

याद्या अधूनमधून वाढतात पण. क्यू-आय आणि झेड-ए हे अमेरिकन यादीत २००६ ला आले, ओ-के आणि ई-डब्ल्यू हे २०१८ ला, आणि कॉलिन्समध्ये हेच ओ-के, ई-डब्ल्यू आणि झेड-ई २०१९ ला आले. त्यामुळे कुणी दहा-बारा वर्षांपूर्वीची झेरॉक्स दिली तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. खाली मी सगळं कॉलिन्स धरून लिहिलंय.

२. पॉइंट आणि अक्षरांची संख्या एकदा नीट बघा

हा खेळ आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन आर्किटेक्टने १९३० च्या दशकातल्या मंदीत, हाताला काम नसताना तयार केला. कोणतं अक्षर किती वेळा येतं हे त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून ठरवलं, आणि म्हणून ई च्या टाइल्स १२ आहेत, ए आणि आय च्या ९-९, ओ च्या ८, पण क्यू, झेड, जे, एक्स, के यांची प्रत्येकी फक्त एक. एस च्या फक्त ४ आहेत हे विशेष लक्षात ठेवा, कारण एस लावून कुठल्याही शब्दाचं अनेकवचन करता येतं आणि खेळ फार सोपा होऊ नये म्हणून त्या कमी ठेवल्यात.

पॉइंट असे: क्यू आणि झेडला १०, जे आणि एक्सला ८, केला ५. एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय यांना ४. बी, सी, एम, पी यांना ३. डी, जी ला २. बाकी सगळ्यांना १, ब्लँकला शून्य. हे पाठ करायला बसू नका, टाइलवर छापलेलं असतंच, खेळता खेळता होतं.

३. पहिला गट एक्सचा, कारण तो लगेच फळ देतो

एक्सची गंमत अशी की पाचही स्वरांबरोबर त्याचा दोन अक्षरी शब्द होतो. ए-एक्स म्हणजे कुऱ्हाड, अमेरिकन स्पेलिंग. ई-एक्स म्हणजे एक्स या अक्षराचं नाव, किंवा माजी. ओ-एक्स म्हणजे बैल. एक्स-आय हे ग्रीक अक्षर. एक्स-यू हे व्हिएतनामचं छोटं नाणं, एका डोंगचा शंभरावा भाग. पाच शब्द, झालं. म्हणजे हातात एक्स आला आणि बोर्डावर कुठेही मोकळा स्वर असला की तुमच्याकडे खेळ आहे.

याच्याच जोडीने एम चा गट करून टाका. ए-एम आणि एम-ए, ई-एम आणि एम-ई, ओ-एम आणि एम-ओ, यू-एम आणि एम-यू, सगळे उलटसुलट दोन्हीकडून चालतात. फक्त आयच्या बाबतीत एम-आय चालतो पण आय-एम चालत नाही. अर्थ बघा: एम-ए म्हणजे आईच, ई-एम हे छपाईतलं माप, डीटीपी केलेल्यांना माहीत असेल, एम-आय हा पाश्चात्त्य सरगमीतला तिसरा स्वर, एम-ओ म्हणजे क्षणभर, एम-यू ग्रीक अक्षर, आणि यू-एम म्हणजे बोलताना अडखळल्याचा आवाज. ओ-एम म्हणजे आपला ओम, तो इंग्रजी डिक्शनरीत आहे आणि बिनधास्त लावता येतो.

एच पण सोपा आहे. ए-एच, एच-ए, ई-एच, एच-ई, ओ-एच, एच-ओ, एच-आय, यू-एच. बहुतेक सगळे तोंडातून निघणारे उद्गारच आहेत. यू-एच आहे पण एच-यू नाही, इथे घसरू नका.

४. क्यूचा गट, इथे मराठी माणसाचा फायदा आहे

नवीन माणूस क्यू आला की हताश होतो, कारण शाळेत शिकवलेलं असतं की क्यूच्या मागे यू पाहिजेच. यू च्या टाइल्स आहेत चार, त्या समोरच्याकडे गेल्या की तुम्ही दहा पॉइंटचं ओझं घेऊन बसता. पण यू शिवाय चालणारे क्यूचे शब्द भरपूर आहेत, आणि त्यातले कितीतरी अरबी-फारसीतून इंग्रजीत गेलेत. अरबी-फारसीतून मराठीतही शेकडो शब्द आलेत, कचेरीतले, कोर्टातले, जमिनीच्या व्यवहारातले, त्यामुळे जे शब्द इंग्लंडमधल्या खेळाडूला पाठ करावे लागतात ते आपल्याला फक्त ओळखावे लागतात.

सगळ्यात आधी क्यू-आय. उच्चार ची, चिनी कल्पनेतली जीवनशक्ती, प्राण म्हणा. हा एक शब्द आला तरी क्यूची निम्मी भीती जाते. याला मागे एस लागतो, क्यू-आय-एस, आणि एन लावलात तर क्यू-आय-एन, हे चिनी तंतुवाद्य. के-आय हे याच शक्तीचं दुसरं स्पेलिंग, तेही चालतं.

मग क्यू-ए-टी. येमेन, इथिओपिया, सोमालियात लोक ज्या झुडपाची पानं तरतरी यावी म्हणून चघळतात ते.

आता ओळखीचे बघा:

- क्यू-ए-डी-आय: काझी
- क्यू-ए-आय-डी: कायद, म्हणजे नेता, कायदे आझम मधला कायद हाच
- एफ-ए-क्यू-आय-आर: फकीर
- टी-ए-एल-ए-क्यू: तलाक
- डब्ल्यू-ए-क्यू-एफ: वक्फ
- एन-आय-क्यू-ए-बी: निकाब
- बी-यू-आर-क्यू-ए: बुरखा, यात यू आहे पण क्यूच्या आधी
- क्यू-आय-बी-एल-ए: किब्ला, नमाजाची दिशा
- क्यू-ओ-आर-एम-ए: कुर्मा
- टी-ए-एल-यू-क्यू-डी-ए-आर: तालुकदार, इथेही यू क्यूच्या आधी
- क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय: कव्वाली

तालुकदार आठ अक्षरी आहे, रोज लागणार नाही, पण बोर्डावर एखादं अक्षर आधीच असेल तर लागतोही, आणि हातातल्या सातही टाइल्स एका डावात वापरल्या की ५० पॉइंट बोनस मिळतो. कव्वाली तर बरोबर सात अक्षरी आहे, दोन्ही डब्ल्यू मिळायला नशीब पाहिजे.

क्यू-ए-एन-ए-टी वर जरा थांबतो कारण हा माझा लाडका शब्द आहे. कनात म्हणजे जमिनीखालून उताराने पाणी आणणारा बोगदा, जागोजाग वर झरोके ठेवलेला, इराणमधलं जुनं तंत्र. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी, मलिक अंबरने सतराव्या शतकात बांधलेली, याच तंत्रावर आहे. तिकडचे असाल आणि नहर पाहिली असेल तर हा शब्द तुम्ही जन्मात विसरणार नाही.

सापळा: कतार, इराक, कुराण असली विशेषनामं चालत नाहीत. आणि क्यूचे शब्द उच्चारावरून स्वतः बनवू नका, कारण काही शब्दांना तीन-तीन स्पेलिंगं चालतात आणि काहींना एकच. फकीर क्यूनेही होतो आणि केनेही, पण म्हणून प्रत्येक क चा क्यू होत नाही. वहीत लिहिताना यादीत बघून लिहा.

५. झेड, जे, के

झेडचे दोन अक्षरी तीन: झेड-ए म्हणजे पिझ्झाचं अमेरिकन बोलीतलं छोटं रूप, झेड-ई हे स्त्री-पुरुष असा भेद न करणारं सर्वनाम, झेड-ओ म्हणजे याक आणि गाय यांच्या संकराचं जनावर. हे जनावर लडाखमध्ये शेतीला वापरतात, आणि याचं इंग्रजी स्पेलिंग कधी एक ठरलंच नाही, त्यामुळे डी-झेड-ओ, झेड-एच-ओ, डी-एस-ओ आणि डी-झेड-एच-ओ पण चालतात. एका जनावरामुळे पाच शब्द मिळाले.

जे चे दोनच: जे-ए म्हणजे हो, आणि जे-ओ म्हणजे स्कॉटलंडच्या बोलीत प्रियकर किंवा प्रेयसी. केचे के-ए म्हणजे प्राचीन इजिप्तच्या कल्पनेतला माणसाचा आत्मा, के-आय वर आलाच, के-ओ, के-वाय म्हणजे स्कॉटिश बोलीत गायी, आणि ओ-के.

६. हातात नुसते स्वर आले किंवा नुसती व्यंजनं आली तर

हे सारखं होतं, कारण शंभरातल्या बेचाळीस टाइल्स स्वरांच्या आहेत. तेव्हा उपयोगी पडतात ए-ए, ए-ई, ए-आय, ई-ए, ई-ई, ओ-ई, ओ-आय, ओ-ओ, ओ-यू.

ए-ए म्हणजे खडबडीत, धारदार पृष्ठभागाचा लाव्हा, शब्द हवाई बेटांवरचा. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांनीच बनलाय आणि दख्खनच्या पठारावर या प्रकारचे थरही भूगर्भवाल्यांना सापडतात, त्यामुळे ट्रेकला जाणाऱ्यांनी हा शब्द पायाखालचा म्हणूनच लक्षात ठेवावा. ए-आय म्हणजे तीन बोटांचा स्लॉथ, झाडाला लटकून राहणारा संथ प्राणी, त्या हल्लीच्या एआयशी याचा संबंध नाही, आणि संक्षेप म्हणून तो चाललाही नसता. ए-ई स्कॉटिशमध्ये एक, ई-ई स्कॉटिशमध्ये डोळा, ओ-ओ स्कॉटिशमध्ये लोकर, ओ-ई म्हणजे फॅरो बेटांजवळचं वावटळ. स्कॉटिश बोलीने या खेळावर फार उपकार केलेत, अर्थ आठवला नाही तर स्कॉटिश असेल असं धरून चाला.

तीन अक्षरी ई-ए-यू, फ्रेंचमधून आलेला, अर्थ पाणी. पाच अक्षरी ए-डी-आय-ई-यू म्हणजे निरोप आणि ए-यू-डी-आय-ओ, दोन्हीत चार स्वर खपतात. आणि फक्त स्वरांचा सहा अक्षरी शब्दही आहे, ई-यू-ओ-यू-ए-ई, मध्ययुगीन चर्चसंगीतातला, पण तो पाहून ठेवण्यापुरता.

व्यंजनांचं उलट. दोन अक्षरी एच-एम, एम-एम, एस-एच, एस-टी. हे सगळे आवाज आहेत, हं, मंम, श्श, असे. तीन अक्षरी बी-आर-आर म्हणजे थंडीने कुडकुडणं, पी-एस-टी म्हणजे कुणाला हळूच हाक मारणं, टी-एस-के म्हणजे चुकचुकणं. एन-टी-एच, गणितातला एनवा. सी-डब्ल्यू-एम हा वेल्श शब्द, हिमनदीने डोंगरात कोरलेली वाटीसारखी दरी, आणि सी-आर-डब्ल्यू-टी-एच हे जुनं वेल्श तंतुवाद्य. वाय असेल तर सोपंच, एल-वाय-एन-एक्स, एन-वाय-एम-पी-एच, एम-वाय-टी-एच, जी-वाय-एम हे शाळेपासून माहीत असलेले.

७. व्ही आणि सी पासून सावध

व्हीचा दोन अक्षरी शब्द एकही नाही. कुठल्याच यादीत नाही. सीचा कॉलिन्समध्ये एकच, सी-एच, इंग्लंडच्या जुन्या बोलीतला मी. म्हणून बोर्डावर व्ही पडला की त्याला चिकटून शेजारी काही लावता येत नाही, जागा बंद. पुढे असाल तर हे मुद्दाम करा, मागे असाल तर टाळा.

व्हीसाठी तीन अक्षरी पाहिजेत. व्ही-आय-ए, व्ही-ओ-डब्ल्यू, व्ही-ई-टी, आय-व्ही-वाय, ई-व्ही-ई हे ओळखीचे. व्ही-आय-एम म्हणजे जोम, उत्साह. व्ही-ए-आर हे विजेचं एकक, इलेक्ट्रिकलवाल्यांना रोजचं. व्ही-ओ-ई म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या बेटांवरची छोटी खाडी. व्ही-यू-जी म्हणजे खडकातली पोकळी, जिच्यात बहुधा स्फटिक वाढलेले असतात. आपल्या पुणे-नाशिक-जळगाव भागात विहीर किंवा खाण खणताना काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे, हिरवट स्फटिक निघतात ना, ती पोकळी म्हणजे व्ही-यू-जी.

८. आता हे शब्द वापरायचे कसे: एकाखाली एक

नुसते शब्द पाठ करून काही होत नाही, ही पायरी नीट वाचा. नवीन माणूस शब्द नेहमी फुलीसारखा आडवा-उभा छेदून लावतो. जाणता माणूस आधीच्या शब्दाच्या खाली समांतर लावतो, म्हणजे प्रत्येक उभ्या जोडीचा पण शब्द होतो आणि सगळ्यांचे पॉइंट मिळतात.

बोर्डावर घर या अर्थाचा साधा शब्द आहे असं धरा:

एच – ओ – एम – ई
ए – एक्स – ई – एस

वरची ओळ आधीची, खालची तुम्ही लावलेली. आडवा शब्द झाला ए-एक्स-ई-एस, कुऱ्हाडी, ११ पॉइंट. उभे बघा: एच-ए चे ५, ओ-एक्स चे ९, एम-ई चे ४, ई-एस चे २. ई-एस म्हणजे एस अक्षराचं नाव. एकूण ३१. चारच टाइल्स, जादा पॉइंट देणारा एकही रंगीत चौकोन धरलेला नाही. हाच शब्द कुठेतरी लांब फुलीसारखा लावला असता तर बाराएक पॉइंट मिळाले असते. हे एकदा सेट घेऊन स्वतः मांडून बघा, वाचून पटतं त्यापेक्षा मांडून जास्त पटतं.

आता रंगीत चौकोन धरा. अक्षराचे तिप्पट पॉइंट देणाऱ्या चौकोनावर क्यू ठेवला, त्याच्या उजवीकडे आय आणि खाली आय, म्हणजे आडवा पण क्यू-आय आणि उभा पण क्यू-आय. क्यूचे ३० आणि आयचा १, असे दोनदा, ६२ पॉइंट. यातला एक आय आधीपासून बोर्डावर असला की तुम्ही फक्त दोन टाइल्स टाकल्यात. म्हणून मोठं अक्षर हातात आलं की आधी शब्द शोधू नका, आधी तिप्पट अक्षराच्या चौकोनाशेजारी मोकळा स्वर कुठे आहे ते शोधा.

सापळा: समांतर लावताना एक जरी उभी जोडी चुकली तरी अख्खा डाव परत घ्यावा लागतो. टाइल्स ठेवल्यावर, पॉइंट सांगायच्या आधी, प्रत्येक उभा शब्द मनात वाचा.

९. हुक: आहे त्या शब्दाला एक अक्षर

दोन अक्षरी पक्के झाले की तीन अक्षरी. हे कॉलिन्समध्ये तेराशेच्या वर आहेत पण घाबरू नका, दोन अक्षरीला पुढे (डावीकडे) किंवा मागे (उजवीकडे) एक अक्षर जोडून बरेचसे होतात. ओ-एक्स च्या पुढे बी, एफ, पी, एल, सी, व्ही यातलं कुठलंही लावा, चालतं. के-वाय च्या पुढे एस लावला की आकाश. के-आय च्या पुढे एस लावला की बर्फावरचं स्की, मागे डी, एन, टी, पी. झेड-ए च्या मागे पी किंवा जी. जे-ओ च्या मागे बी, जी, टी, वाय, आणि आर सुद्धा. जे-ओ-आर म्हणजे जोड, आपल्या आलाप-जोड-झाला मधला, आणि ए-एल-ए-पी पण चालतो. ए-ए च्या मागे एल लावला तर ए-ए-एल, आल नावाचं झाड, ज्याच्या मुळापासून पूर्वी कापडाला लाल रंग काढायचे.

वहीत प्रत्येक दोन अक्षरी शब्द मधे लिहा, डावीकडे पुढे लागणारी अक्षरं, उजवीकडे मागे लागणारी. हेच पान रोज बघायचं.

आपल्या घरातले शब्द एका वेगळ्या पानावर घ्या: जी-एच-आय तूप, डी-ए-एल डाळ (डी-एच-ए-एल आणि डी-ए-एच-एल पण चालतात), एन-ए-एन नान, आर-ओ-टी-आय, पी-यू-आर-आय, आर-ए-जी-आय नाचणी, एस-ए-आर-आय, आर-ए-एन-आय, आर-ए-जे, एल-ए-के-एच लाख, टी-ओ-एल-ए तोळा, ए-एन-एन-ए आणा, व्ही-आय-एन-ए वीणा. पण आपला आहे म्हणून असणारच असं धरू नका. कितीतरी रोजचे पदार्थ यादीत नाहीत, आणि आपण मेनूकार्डवर वाचतो ते स्पेलिंग त्यांना मान्य असेलच असं नाही.

संक्षेपाचंही तसंच. टी-व्ही, पी-सी, पी-एम चालत नाहीत. आय-डी चालतो, कारण मानसशास्त्रात मनाच्या एका भागाला तसं म्हणतात. ए-डी चालतो, जाहिरात म्हणून. डिक्शनरीत स्वतंत्र शब्द म्हणून नोंद असली तरच चालतं, हा नियम.

१०. रोजचा सराव

एका दिवशी एकच गट. पहिल्या आठवड्यात एक्स, एम, एच, क्यू आणि झेड-जे-के एवढेच घ्या आणि रोज रात्री एक गेम बॉटबरोबर खेळा. गट पाठ झाला असं वाटलं की वही बंद करून लिहून काढा, तोंडाने म्हणणं पुरत नाही. जे सुटले तेवढेच दुसऱ्या दिवशी परत.

जोडीदार असेल तर उत्तम, घरात मुलं आठवी-नववीत असतील तर त्यांना घ्या, ती आपल्यापेक्षा लवकर पाठ करतात. सुरुवातीला यादी शेजारी उघडी ठेवून खेळायला काहीच हरकत नाही, फक्त दोघांनीही ठेवायची. शब्द लावला की अर्थ मोठ्याने सांगायचा असा घरचा नियम करा.

११. पहिल्या स्पर्धेला जाताना

घड्याळ असतं, प्रत्येकाला एका गेमसाठी २५ मिनिटं मिळतात, आणि जास्त झाली की पॉइंट कापतात, म्हणून घरी आधी टायमर लावून खेळा. आयोजकांना तीन गोष्टी आधीच विचारा: यादी कुठली, चॅलेंजचा दंड काय, आणि घड्याळ-सेट स्वतःचा आणायचा का. चॅलेंज म्हणजे समोरच्याच्या शब्दावर हरकत. शब्द बरोबर निघाला तर कुठे तुमचा डाव जातो आणि कुठे समोरच्याला थोडे पॉइंट मिळतात, ठिकाणाप्रमाणे बदलतं. डाव जाणार असेल तर खात्री नसलेल्या शब्दाला हात लावू नका.

टाइल्स बदलायच्या असतील तर पिशवीत निदान सात उरलेल्या पाहिजेत. गेमच्या शेवटी क्यू हातात राहिला तर समोरच्याला त्याच्या दुप्पट, म्हणजे २० पॉइंट मिळतात. म्हणून कागदावर सगळी अक्षरं लिहून पडलेली खोडत जा, आणि पिशवीत दहाएक टाइल्स उरल्या की तीन गोष्टी बघा: क्यू पडला का, आय किती शिल्लक, आणि बोर्डावर क्यू-आय साठी एखादा आय मोकळा आहे का. क्यू तुमच्याकडे असेल तर त्या आयच्या जागेवर लगेच खेळा, थोडे पॉइंट कमी मिळाले तरी. क्यू पडलेला नाही आणि तुमच्याकडेही नाही, तर ती जागा आधी बंद करा.